परवानामुक्त द्विमार्गी रेडिओ

परवानामुक्त द्विमार्गी रेडिओ म्हणजे शासनाकडून स्वतंत्र परवाना न घेता सामान्य नागरिकाला वापरता येणारा, हातात मावणारा बिनतारी संदेश संच होय. बोलीभाषेत त्याला वॉकी-टॉकी किंवा नुसते वायरलेस म्हणतात. आकाशवाणीच्या संचावर केवळ ऐकता येते. या संचात मात्र प्रक्षेपक आणि ग्राही असे दोन्ही भाग एकाच पेटीत असतात. बटण दाबून धरले की बोलता येते, सोडले की ऐकता येते. एका वेळी एकच व्यक्ती बोलू शकते. या संचाला मोबाईल मनोरा, सिमकार्ड वा मासिक शुल्क लागत नाही. त्यामुळे मोबाईलची सेवा क्षीण असलेल्या डोंगराळ व वनव्याप्त प्रदेशांत त्याचे महत्त्व टिकून आहे. विदर्भातील यवतमाळ जिल्हा हा अशा प्रदेशांपैकी एक आहे.

नवशिक्याला स्वस्त संच निवडताना दोन प्रश्न पडतात : कोणता संच कायद्याने बाळगता येतो, आणि तो खरोखर किती अंतरापर्यंत चालतो. बाजारातील जाहिराती या दोन्ही प्रश्नांची सहसा सरळ उत्तरे देत नाहीत.

== पार्श्वभूमी ==

हातात किंवा पाठीवर नेता येणाऱ्या द्विमार्गी संचांचा विकास १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. कॅनडातील डोनाल्ड हिंग्ज आणि अमेरिकेतील आल्फ्रेड ग्रॉस यांची नावे या संदर्भात घेतली जातात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने वापरलेला एससीआर-३०० हा पाठीवरचा संच सुमारे १६ किलोग्रॅम वजनाचा होता आणि त्याचा पल्ला सुमारे ५ किलोमीटर होता. 'वॉकी-टॉकी' हे नाव मुळात याच पाठीवरच्या संचाचे. हातात धरायच्या एससीआर-५३६ या लहान संचाला 'हँडी-टॉकी' म्हणत. पुढे हा भेद पुसला गेला.

महाराष्ट्रात सर्वसामान्यांना या यंत्राची ओळख झाली ती पोलिसांच्या हातातील संचामुळे. राज्य पोलीस दलाचा स्वतंत्र बिनतारी संदेश विभाग असून त्याचे मुख्यालय पुणे येथे आहे. पोलीस, वन विभाग, रेल्वे, खाणी यांचे संच त्यांना नेमून दिलेल्या वारंवारतेवर चालतात व ते परवानामुक्त नसतात. बाहेरून सारखेच दिसणारे दोन संच कायद्याच्या दृष्टीने पूर्णपणे भिन्न असू शकतात, ही गोष्ट खरेदीदाराच्या लक्षात बहुधा उशिरा येते.

== भारतातील कायदेशीर स्थिती ==

भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ नुसार बिनतारी संच परवान्याशिवाय जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरतो. संच वापरला नाही, कपाटात ठेवला होता, हा बचाव पुरेसा होत नाही. दूरसंचार अधिनियम, २०२३ ने हा कायदा व १८८५ चा तारायंत्र अधिनियम यांची जागा घेण्याची तरतूद केली असून त्यातील काही कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली. वारंवारतांचे नियोजन दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा पाहते. तिची स्थापना १९५२ मध्ये झाली.

या सर्वसाधारण बंदीतून काही वारंवारता पट्टे वगळलेले आहेत. संभाषणासाठी उपयोगी पडणारे पट्टे असे :

* २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ – याला नागरिक पट्टा म्हणतात. २००५ च्या नियमांनुसार ५ वॅटपर्यंत प्रारित शक्ती आणि संचातच बसवलेली अँटेना अशी अट आहे. या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे ११ मीटर असल्याने चांगल्या अँटेनाची लांबी पावणेतीन मीटरच्या आसपास भरते. हातातल्या संचात ती मावत नाही आणि कार्यक्षमता बरीच घटते. शिवाय विद्युत उपकरणांचा खरखराट या पट्ट्यात अधिक ऐकू येतो.
* ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ – २०१८ च्या नियमांनी खुला झालेला पट्टा. युरोपात तो पीएमआर ४४६ या नावाने प्रचलित असून तेथे १६ अनुरूप वाहिन्या, ०.५ वॅट शक्ती आणि न काढता येणारी अँटेना असे प्रमाण आहे. नवशिक्यासाठी सर्वांत सोयीचे स्वस्त संच याच पट्ट्यात मिळतात.
* ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ – प्रथम २००५ मध्ये ८६७ पर्यंत व २०२१ मध्ये ८६८ पर्यंत खुला झालेला पट्टा. वाहनांवरील फास्टॅग याच पट्ट्यात वाचला जातो. यातील संभाषण संच मुख्यतः हॉटेले, गोदामे, कारखाने यांना विकले जातात आणि तुलनेने महाग असतात.

परवान्यातून सूट मिळाली म्हणजे सर्व अटींतून सूट मिळाली असे नाही. संचाच्या त्या प्रतिमानाला उपकरण प्रकार मान्यता, म्हणजेच ईटीए, मिळालेली असावी लागते. शिवाय हे पट्टे सर्वांसाठी सामाईक असतात. दुसऱ्याच्या संभाषणाचा अडथळा झाला तर त्याविरुद्ध संरक्षण मागता येत नाही आणि आपण कोणाला अडथळा करू नये, हेही बंधन असते.

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वारंवारता, परवान्याची आवश्यकता व ईटीए यांची माहिती न देता वॉकी-टॉकी विकल्याबद्दल ऑनलाइन विक्री मंचांना १३ नोटिसा बजावल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस अशा विक्रीसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी झाली. विक्रीच्या पानावर वारंवारता पट्टा आणि मान्यतेचा तपशील देणे त्यानुसार आवश्यक ठरले. ग्राहकाच्या दृष्टीने याचा उपयोग सरळ आहे : हा तपशील नसलेला संच कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

=== नेहमीची फसगत ===

चिनी बनावटीचा बाओफेंग यूव्ही-५आर हा संच जगभर स्वस्ताईसाठी प्रसिद्ध आहे. तो १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ अशा विस्तृत पट्ट्यांत, चार-पाच वॅट शक्तीने प्रक्षेपण करू शकतो. नेमके हेच त्याच्यातील दूषण आहे. या पट्ट्यांत पोलीस, अग्निशमन, वन विभाग व खाजगी परवानाधारक यांच्या वारंवारता येतात. कळफलकावर चुकीचे आकडे दाबले गेले तरी संच त्यांच्यावर बोलू लागतो. हा संच ४४६ मेगाहर्ट्झवर लावून ठेवला म्हणून तो परवानामुक्त होत नाही, कारण सूट त्या पट्ट्यापुरतेच चालणाऱ्या उपकरणाला आहे. याच घराण्यातील ८८८एस या १६ वाहिन्यांच्या संचालाही हेच लागू पडते.

दुसरी फसगत परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंची. अमेरिकेत नातेवाईक असलेल्या कुटुंबांत तेथील एफआरएस प्रकारच्या संचांची जोडी हौसेने आणली जाते. ते संच अमेरिकेत परवानामुक्त असले तरी त्यांची ४६२ व ४६७ मेगाहर्ट्झ ही वारंवारता भारतात खुली नाही.

तिसरा प्रकार कायदेशीर आहे, पण अपेक्षाभंग करणारा आहे. 'अमर्याद पल्ला' किंवा 'संपूर्ण भारतभर चालणारा' अशी जाहिरात असलेले काही संच आत सिमकार्ड घेतात आणि मोबाईलच्या जाळ्यावरून बोलणे पोहोचवतात. शहरातील सुरक्षा संस्थांना ते उपयोगी असतात. मात्र जेथे मोबाईलला सेवा नाही तेथे तेही मुके होतात. म्हणजे ज्या कारणासाठी खेड्यातील माणूस वॉकी-टॉकी घेऊ पाहतो, तेच साध्य होत नाही.

== पल्ला ==

वेष्टनावर छापलेले ५, ८ किंवा १० किलोमीटर हे अंतर समोरासमोरच्या दोन टेकड्यांवरून, मध्ये काहीही नसताना मिळू शकते. ४०० मेगाहर्ट्झच्या पुढील लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, त्यामुळे पल्ला प्रामुख्याने उंचीवर अवलंबून असतो. सपाट भूभागावर दोन अँटेनांच्या मीटरमधील उंचींची वर्गमुळे काढून त्यांची बेरीज ४.१२ ने गुणली, की रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दोघांनीही संच दीड मीटर उंचीवर धरला तर हे अंतर सुमारे १० किलोमीटर येते. एक जण ३० मीटर उंच टेकाडावर चढला तर ते सुमारे २८ किलोमीटर होते. ही वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात जमिनीलगत झाडे, घरे, बांध आणि चढउतार यांत बराचसा संकेत खर्ची पडतो. अर्ध्या वॅटच्या संचावर गावात काही शे मीटर आणि मोकळ्या शिवारात एक ते दोन किलोमीटर अंतर मिळाले, तर संच उत्तम चालतो असे समजावे.

शक्ती वाढवून ही उणीव फारशी भरून निघत नाही. पूर्णपणे मोकळ्या अवकाशातही अंतर दुप्पट करायला शक्ती चौपट लागते. अर्ध्या वॅटऐवजी पाच वॅट, म्हणजे दहापट शक्ती वापरली तरी आदर्श स्थितीत अंतर सुमारे ३.२ पट होते आणि जमिनीलगत ते जेमतेम १.८ पट वाढते. म्हणून बेकायदा पाच वॅटच्या संचासाठी धोका पत्करण्यापेक्षा कायदेशीर संच घेऊन मचाणावर किंवा गच्चीवर चढणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

== यवतमाळ जिल्ह्यातील वापर ==

यवतमाळ जिल्ह्याची भूरचना बिनतारी संपर्काच्या दृष्टीने एकसारखी नाही. यवतमाळ शहर सुमारे ४५० मीटर उंचीवरील पठारी भागात आहे. पुसदकडे डोंगररांगा व घाट आहेत, तर ईशान्येला वर्धा आणि दक्षिणेला पैनगंगा यांची खोरी आहेत. पठाराच्या कडेवरून खोऱ्यात संदेश चांगला पोहोचतो. परंतु एका नाल्यातून शेजारच्या नाल्यात, मध्ये जेमतेम वीस मीटरची टेकडी असली तरी, तो पोहोचत नाही.

जिल्ह्यातील बरेचसे जंगल सागाचे व पानगळीचे आहे. या गोष्टीचा पल्ल्यावर ऋतुमानानुसार परिणाम होतो. एप्रिल-मे महिन्यांत झाडे निष्पर्ण असताना घेतलेली चाचणी समाधानकारक वाटते. जुलैनंतर ओल्या, रुंद सागपानांनी तोच संकेत शोषला जातो आणि अंतर लक्षणीय घटते. शेतातही असेच घडते. नोव्हेंबरमध्ये तूर डोक्याइतकी वाढली की तिच्यात उभे राहून बोलणाऱ्याचा संच पिकाच्या आत राहतो. म्हणून संचाची परीक्षा पावसाळ्यात घ्यावी. उन्हाळ्यात मिळालेला पल्ला वर्षभर गृहीत धरू नये.

=== जागल ===

रानडुकरे आणि रोही यांच्यापासून हरभरा, तूर, ज्वारी यांसारखी पिके राखण्यासाठी शेतकरी रात्री शेतावर जागलीला जातात. कृषिपंपांना रात्री वीज मिळते तेव्हा ओलितासाठीही रात्री जावे लागते. केळापूर, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांत या रात्रींना वाघाच्या वावराची जोड आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८.६३ चौरस किलोमीटर क्षेत्राचे असून त्याच्या सभोवती शेती व वस्ती आहे. पांढरकवडा वन विभागातील टी१, म्हणजेच 'अवनी', या वाघिणीशी १३ माणसांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला होता. राळेगाव तालुक्यातील बोराटी परिसरात २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती गोळी घालून ठार करण्यात आली. ही कारवाई दीर्घकाळ वादग्रस्त ठरली.

वॉकी-टॉकी वाघापासून संरक्षण करत नाही. शेजारच्या शेतातील माणसाला अर्ध्या मिनिटात सावध करणे, ठरावीक वेळेने खुशाली विचारणे आणि उत्तर न आल्यास इतरांनी एकत्र येऊन शोधायला निघणे, एवढाच त्याचा उपयोग आहे. तोही सर्वांनी आधी ठरवलेली वाहिनी आणि वेळ पाळली तरच. तीन-चार शेजारी शेतकऱ्यांनी मिळून एकाच प्रकारचे संच घेणे त्यामुळे एकट्याने महागडी जोडी घेण्यापेक्षा हिताचे ठरते. प्रत्यक्ष वन्यप्राणी दिसल्यास वन विभागाला कळवण्याचे काम मोबाईलवरूनच करावे लागते, कारण वन विभागाच्या बिनतारी जाळ्यावर नागरिकाला बोलता येत नाही.

याच परिसरातील रेडिओ लहरींचा आणखी एक परिचित वापर द्विमार्गी नाही. टिपेश्वर येथील टी१-सी१ या नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बसवण्यात आली होती. तिच्या संकेतांमुळेच तो महाराष्ट्र व तेलंगणातून शेकडो किलोमीटर चालत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचल्याचे समजले. नावातील साधर्म्यामुळे त्याचा संबंध अवनीशी जोडला जातो; तो चुकीचा आहे. त्याची आई टिपेश्वरमधील दुसरी वाघीण होती.

=== पूर व उत्सव ===

जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीच्या पुराचा फटका वणी तालुक्याला बसला. २२ जुलै २०२३ रोजी महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा येथे ग्रामस्थ पुराने वेढले गेले आणि त्यांच्या सुटकेसाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मागणी करावी लागली. अशा वेळी वीज जाते व मोबाईल मनोऱ्यांच्या बॅटऱ्याही काही तासांत उतरतात. गावाच्या दोन भागांत, किंवा नाल्याच्या अलीकडे-पलीकडे संपर्क ठेवण्यास परवानामुक्त संच पुरेसे असतात. तालुक्याच्या ठिकाणाशी बोलण्यास ते पुरेसे नसतात.

यवतमाळ शहराचा दुर्गोत्सव मोठ्या गर्दीसाठी प्रसिद्ध आहे. मंडळांच्या स्वयंसेवकांना गर्दीत मोबाईलवर बोलणे अवघड जाते, तेव्हा असे संच सोयीचे पडतात. मात्र एका चौकात तीन मंडळे एकाच वाहिनीवर आली तर कोणालाच काही ऐकू येत नाही. प्रत्येक मंडळाने वाहिनी आधी वाटून घेणे हाच त्यावर उपाय आहे.

== निवड करताना पाहावयाच्या बाबी ==

वारंवारता व मान्यता यांची खात्री झाल्यानंतर सर्वांत महत्त्वाची बाब बॅटरी ही होय. काही संचांत लिथियम-आयन बॅटरी असते, काहींत साधे पेन्सिल सेल बसतात. पहिल्या प्रकारचा चालू खर्च कमी असतो. दुसऱ्याचे सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतात आणि वीज दोन दिवस गेली तरी अडत नाही. दोन्ही प्रकारे चालणारा संच मिळाल्यास तो घ्यावा. उत्पादकाने सांगितलेले तास बहुधा ५ टक्के बोलणे, ५ टक्के ऐकणे व ९० टक्के शांत राहणे या प्रमाणावर मोजलेले असतात; सतत बोलणाऱ्यांना त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा टिनाच्या छताखाली संच ठेवल्यास बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. चार्जर मोबाईलच्या यूएसबी प्रकारचा असल्यास लहान सौर पटलावरही काम भागते.

पावसाळी वापरासाठी धूळ व पाणी यांपासूनच्या संरक्षणाचा अंक पाहावा. आयपी५४ म्हणजे शिंतोडे सहन करणारा, आयपी६७ म्हणजे थोडा वेळ पाण्यात पडला तरी टिकणारा. पहिला शेतीकामास पुरतो.

'गोपनीय संकेत' किंवा 'उपवाहिन्या' यांबाबत मोठा गैरसमज आहे. आवाजासोबत ६७ ते २५४.१ हर्ट्झच्या दरम्यानचा एक मंद स्वर पाठवला जातो आणि ज्या संचावर तोच स्वर निवडलेला आहे तोच संच बोलू लागतो. त्यामुळे नको असलेले बोलणे आपल्याला ऐकू येत नाही, पण आपले बोलणे त्या वाहिनीवरील दुसऱ्या कोणालाही ऐकता येते. १६ वाहिन्या आणि ३८ स्वर यांचा गुणाकार करून '६०८ वाहिन्या' असे छापणे ही केवळ विक्रीची युक्ती आहे. पैशांचे व्यवहार किंवा घर रिकामे असल्याची बातमी या संचावरून सांगू नये.

आवाज ओळखून आपोआप प्रक्षेपण सुरू करणारी सोय वाऱ्यात आणि पंपाच्या आवाजात त्रासदायक ठरते. विजेरी उपयुक्त आहे. रंगीत पडदा व हवामान वाहिनी यांसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. हवामान वाहिनी तर उत्तर अमेरिकेतील सेवेसाठी असते व भारतात ती निरुपयोगी आहे. मान्यताप्राप्त साध्या संचांची जोडी काही हजार रुपयांत मिळते.

== बोलण्याची पद्धत ==

बटण दाबल्यावर लगेच बोलल्यास पहिला शब्द तुटतो. सेकंदभर थांबून, संच तोंडापासून चार बोटे दूर व उभा धरून बोलावे. आडवा धरल्यास अँटेनाही आडवी होते व पल्ला घटतो. आधी ज्याला बोलवायचे त्याचे नाव, मग स्वतःचे नाव आणि शेवटी 'ओव्हर' असा क्रम रूढ आहे.

मराठीतील संख्या बिनतारी संभाषणात विशेष घोटाळा करतात. खरखरीत आवाजात एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांतील फरक कळत नाही. सदतीस व अडतीस यांचेही तसेच. म्हणून गट क्रमांक, वाहन क्रमांक किंवा वेळ सांगताना अंक सुटे उच्चारावेत : 'पाच, नऊ'. संख्यावाचनाच्या पद्धतीवरून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाबाबत मोठा वाद झाला होता. बिनतारी यंत्रणेपुरता तरी हा प्रश्न सुट्या अंकांनी सुटतो. जिल्ह्यात मराठीबरोबर गोरमाटी, गोंडी व कोलामी बोलणारे लोक असल्याने 'थांबा', 'या', 'मदत' अशा मोजक्या शब्दांवर गटाने आधीच एकमत केलेले बरे.

== हौशी रेडिओचा पर्याय ==

एक-दोन किलोमीटरच्या पलीकडे जाण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी कायदेशीर मार्ग हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, आहे. १९७८ च्या नियमांनुसार वयाची १२ वर्षे पूर्ण केलेला भारतीय नागरिक परीक्षा देऊन हा परवाना मिळवू शकतो. मर्यादित आणि सर्वसाधारण असे त्याचे दोन वर्ग असून परीक्षेत रेडिओ तंत्राची मूलतत्त्वे व नियम हे विषय असतात. सर्वसाधारण वर्गासाठी मिनिटाला ८ शब्द या वेगाने मोर्स संकेतही यावे लागतात. मर्यादित वर्गासाठी ते लागत नाहीत. या परवानाधारकांना १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे उपलब्ध होतात व उंचावर बसवलेल्या रिपीटरमार्फत लांबवर बोलता येते. १९९३ च्या लातूर भूकंपात आणि २००५ च्या मुंबईतील महापुरात हौशी रेडिओचालकांनी संपर्काचे काम केले होते.

हा परवाना व्यक्तीला मिळतो, कुटुंबाला किंवा गटाला नाही. परवानाधारकाचा संच शेजाऱ्याने उचलून वापरता येत नाही. धंद्यासाठी किंवा मोबदल्यासाठी त्याचा वापर वर्ज्य आहे. त्यामुळे जिनिंग कारखाना, वाहतूकदार वा खाण ठेकेदार यांना स्वतंत्र खाजगी परवाना घ्यावा लागतो. त्यासाठीचे अर्ज व उपकरण मान्यतेची प्रक्रिया दूरसंचार विभागाच्या सरल संचार या संकेतस्थळावरून चालते.